म्यूर वूड्स: व्हीलचेअरवरून पाहिलेले रेडवुडचे रान

अपंग माणसाने लिहिलेले एखाद्या स्थळाचे परीक्षण दुसऱ्या अपंग माणसाच्या उपयोगी पडायचे असेल, तर लिहिणाऱ्याने आधी स्वतःची मोजमापे सांगावीत असे माझे मत आहे; कारण ‘वाट चांगली आहे’ हे वाक्य धडधाकट माणसाने लिहिले, कुबड्या वापरणाऱ्याने लिहिले किंवा व्हीलचेअरवर बसणाऱ्याने लिहिले, तर त्याचे तीन निरनिराळे अर्थ होतात. माझे वय ६३ आहे. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. पन्नाशीपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर नोकरी, संसार आणि पुण्यातले जिने निभावले. पुढे खांद्यांनी तक्रार सुरू केली आणि व्हीलचेअर आली. ती हाताने चालवायची आहे, विजेवरची नाही, आणि एका बाजूच्या बाहेरच्या कड्यापासून दुसऱ्या बाजूच्या कड्यापर्यंत तिची रुंदी २५ इंच भरते. सपाट, कडक जमिनीवर मी कुणाचीही मदत न घेता दोन-अडीच किलोमीटर जातो. बारा फुटांना एक फूट असा चढ असला, तर तीस-चाळीस फुटांवर थांबून श्वास घ्यावा लागतो. खडी, वाळू आणि चिखल यांत पुढची छोटी चाके रुततात आणि तिथे माझा कारभार आटोपतो. सरकारी कागदावर मी दिव्यांग आहे. स्वतःला मात्र मी अपंग म्हणतो, कारण त्या शब्दात कुणी माझी समजूत काढत असल्यासारखे वाटत नाही.

ही मोजमापे घेऊन मी गेल्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या म्यूर वूड्स या राष्ट्रीय स्मारकाच्या रानात दोनदा गेलो. माझी मुलगी सॅन होजेजवळ राहते. तिकडे मुलांकडे येणाऱ्या आमच्यासारख्या आईवडिलांचा एक ठरलेला फेरा असतो: गोल्डन गेट पूल, लिव्हरमोरचे मंदिर, एखादा समुद्रकिनारा, आणि बहुधा हे रान. गुडघे बदललेले, बायपास झालेले, पक्षाघातातून उठून काठीवर आलेले कितीतरी मराठी आजी-आजोबा दर उन्हाळ्यात तिथे नेले जातात, आणि ‘मला जमेल का?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघतो तो गाडी घाटात वळणे घेऊ लागल्यावर. तो घरी असतानाच विचारता यावा आणि त्याचे उत्तरही घरीच मिळावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेला साधारण १९ किलोमीटरवर, माउंट तामाल्पायस या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका अरुंद घळीत हे रान उभे आहे. किनारी रेडवुड ही जगातली सर्वांत उंच वाढणारी वृक्षजात. इथले सर्वांत उंच झाड सुमारे ७९ मीटरचे आहे. मोठ्या झाडांपैकी बरीचशी ६०० ते ८०० वर्षांची आहेत, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात त्यांतली काही रोपे होती. आणि सर्वांत जुनी झाडे तर १,२०० वर्षांच्याही पलीकडची आहेत. एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्को शहर उभे राहत असताना आसपासचे जवळजवळ सगळे रेडवुड तोडले गेले. ही घळ तेवढी वाचली, कारण उभ्या कड्यांमुळे इथून लाकूड बाहेर काढणे परवडणारे नव्हते. विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १९०५ मध्ये ही जमीन ४५,००० डॉलरला विकत घेतली. एका पाणीपुरवठा कंपनीला तिथे धरण बांधायचे होते, तेव्हा त्यातली २९५ एकर जमीन त्यांनी सरळ केंद्र सरकारला दान केली, आणि ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिला राष्ट्रीय स्मारक जाहीर केले. स्वतःचे नाव देऊ न देता निसर्गअभ्यासक जॉन म्यूर यांचे नाव द्यावे, हा आग्रह केंट यांचाच. मला यातली एक गोष्ट फार विचित्र वाटली. जे रान ‘तिथे पोचता येत नाही’ म्हणून कुऱ्हाडीतून सुटले, तेच आज माझ्यासारख्याला सर्वांत सहज पोचता येईल असे रान आहे. कारण कडे उभे असले तरी त्यांच्या मधून वाहणाऱ्या रेडवुड क्रीक या ओढ्याचा तळ जवळजवळ सपाट आहे, आणि मुख्य वाट त्या ओढ्याच्या काठाकाठाने जाते.

आता व्यवस्थेविषयी. २०१८ पासून इथे गाडी लावायची असो की शटल बसने यायचे असो, जागा आधी आरक्षित करावी लागते. वर्षाचे सगळे दिवस हा नियम लागू आहे, आणि आरक्षणाशिवाय आलेल्या गाडीला परत फिरावे लागते. अपंगांच्या गाड्यांसाठी आरक्षणाचा वेगळा प्रकार आहे. मात्र तो घ्यायचा तर गाडीत व्हीलचेअरचे चिन्ह असलेला अधिकृत फलक लागतो, आणि पाहुणे म्हणून गेलेल्या आपल्या लोकांकडे तो नसतो. कॅलिफोर्नियाचे मोटार वाहन खाते बाहेरून आलेल्या अपंग प्रवाशांना काही दिवसांपुरता फलक देते. अर्जावर डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच हे काम उरकावे. फलक व्यक्तीच्या नावाचा असतो, गाडीच्या नव्हे. तेव्हा जावयाच्या गाडीत लावला काय आणि भाड्याच्या गाडीत लावला काय, आपण त्या गाडीत असलो की झाले. प्रवेशशुल्क १६ वर्षांवरील प्रत्येकाला १५ डॉलर आहे आणि पार्किंगचे पैसे त्याहून वेगळे. कायमचे अपंगत्व असलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना ‘ॲक्सेस पास’ नावाचा आजीव मोफत पास मिळतो आणि त्यावर धारकासोबत आणखी तीन प्रौढांना प्रवेश असतो. पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना तो मिळत नाही. मला याचे वाईट वाटले नाही. मी पंधरा डॉलर दिले आणि इतरांच्या रांगेत त्यांच्यासारखाच उभा राहिलो, म्हणजे बसलो.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. या घळीत मोबाइलला रेंज नाही आणि वायफायही नाही. आरक्षणाचा कागद आधी उतरवून घ्यावा हे तर झालेच. पण आमच्यासारख्यांच्या दृष्टीने त्याचा दुसरा अर्थ असा, की वाटेत खुर्चीचे चाक पंक्चर झाले किंवा दम लागला, तर फोन करून मुलीला बोलावता येणार नाही. किती वाजता कुठल्या पुलाशी भेटायचे, हे आत शिरण्यापूर्वी तोंडी ठरवावे. स्वच्छतागृहे प्रवेशाच्या बाजूला आहेत. तो कार्यक्रमही आधीच आटोपून घ्यावा, कारण आतल्या वाटेवर बसून खाण्याचीही सोय किंवा परवानगी नाही.

मुख्य वाटेची रचना समजायला सोपी आहे. ओढ्यावर ओळीने चार पूल आहेत. एका काठाने जायचे, पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या काठाने परतायचे. दुसऱ्या पुलावरून परतलात तर साधारण अर्ध्या तासाची फेरी होते, तिसऱ्या पुलावरून परतलात तर तासाभराची. हे चालणाऱ्यांचे हिशेब झाले, मला दोन्हींना दुपटीहून अधिक वेळ लागला आणि तो मी मुद्दाम लावला. वाट काही भागांत लाकडी फळ्यांची आहे आणि काही भागांत डांबरी. चाकांखाली फळी आली की एक ठरावीक टक-टक आवाज येऊ लागतो आणि डांबर आले की तो थांबतो. पहिल्या दहा मिनिटांतच मला त्या आवाजावरून न बघता कळू लागले, की आपण आता कशावर आहोत. फळ्यांमधल्या फटींत पुढचे चाक कुठेही अडकले नाही. समोरून दुसरी व्हीलचेअर आली तेव्हा दोघांनाही थांबावे लागले नाही, आम्ही नुसत्या माना हलवल्या आणि पुढे गेलो. आयुष्यात जंगलाच्या वाटेवर समोरून दुसरी व्हीलचेअर येण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग होता.

या फळ्यांची हकिगत सांगण्यासारखी आहे. मला आधी वाटले होते, की त्या आमच्या सोयीसाठी घातलेल्या असाव्यात. त्यामागचे कारण मुळांचे आहे. रेडवुडचे झाड सत्तर मीटर उंच गेले तरी त्याची मुळे दोन-चार मीटरपेक्षा खोल जात नाहीत. ती आडवी, दूरवर पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. लाखो पावलांनी वरची माती दाबली गेली, की मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे होते. म्हणून वाट जमिनीपासून उचलून फळ्यांवर घेतली, आणि माणसे फळ्यांवरच राहावीत म्हणून तिला काठ दिले. झाडाच्या मुळांना तुडवले जाऊ नये आणि माझ्या चाकांना मुळांनी अडवू नये, या दोन गरजांचे उत्तर एकच निघाले. ‘अपंगांसाठी रानात वाट करायची म्हणजे रानाचे नुकसान करायचे’ असा युक्तिवाद आपल्याकडे मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो करणारे लोक बहुतेक वेळा रानावर मनापासून प्रेम करणारे असतात, म्हणून त्यांना उत्तर देणे अवघड जाते. यापुढे मी त्यांना या फळ्यांविषयी सांगेन.

रेडवुड पाहायला येणारा प्रत्येक जण मान वर करून चालतो. माझी नजर जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असते, आणि त्या उंचीवरून जे दिसते ते उभ्या माणसांच्या बहुधा लक्षातच येत नाही. झाडांच्या बुंध्यांशी सगळीकडे तीन-तीन पानांची एक हिरवी वनस्पती पसरलेली होती. ती पाहताच मी थांबलो, कारण ती ओळखीची होती: आपल्या अंगणात, कुंडीत उगवणारी आंबुशी! ही तिची मोठी चुलत बहीण, रेडवुडच्या सावलीत वाढणारी. हिचे वैशिष्ट्य असे, की वरच्या फांद्यांतून उन्हाचा कवडसा पानांवर पडला, की ती काही मिनिटांतच छत्री मिटावी तशी पाने खाली मिटून घेते आणि सावली आली की पुन्हा उघडते. नातीला मी ते दाखवले. ती पाच वर्षांची आहे, म्हणजे तिची नजरही माझ्याच उंचीवर असते. आम्ही दोघे एका कवडशाची वाट पाहत बसलो आणि बाकीचे लोक आमच्या डोक्यांवरून झाडांचे शेंडे पाहत गेले. पुढे एका कुजत्या ओंडक्यावर पिकल्या केळ्याच्या रंगाची, वीतभर लांबीची बिनशंखाची गोगलगाय निवांत सरकत होती. तिला तिकडे ‘बनाना स्लग’ असेच म्हणतात. वेगाच्या बाबतीत आमचे चांगले जमले.

दुसऱ्या भेटीत मी मुलीला स्पष्ट सांगितले, की आज मला एकट्याला जायचे आहे. ती म्हणाली, “बाबा, मी मागे राहीन, दिसणारसुद्धा नाही.” मी म्हटले, “दिसली नाहीस तरी मला कळेल.” शेवटी ती प्रवेशाजवळच्या कॅफेत पुस्तक घेऊन बसली आणि मी सकाळी आठ वाजता, फाटक उघडल्याबरोबर, आत गेलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुलांच्या मध्ये कॅथीड्रल ग्रोव्ह नावाची जागा आहे, जिथे शांतता पाळावी अशी लेखी विनंती आहे आणि लोक ती पाळतात. १९ मे १९४५ रोजी, संयुक्त राष्ट्रांची सनद तयार करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत जमलेले निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी, नुकतेच वारलेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी याच झाडांखाली आले होते, आणि त्याचा फलक तिथे आहे. तो फलक वाचताना माझ्या मनात आले, की ज्यांच्यासाठी ते सगळे इथे जमले, त्या रूझवेल्ट यांचेही पाय पोलिओने गेलेले होते आणि तेही व्हीलचेअर वापरत. त्या मे महिन्यात ते जिवंत असते आणि इथे आले असते, तर या मातीतून त्यांना कुणी तरी उचलूनच न्यावे लागले असते. मी मात्र तिथे स्वतःच्या हातांनी पोचलो होतो. वीस मिनिटे मी एकटा बसलो. धुक्याचे पाणी फांद्यांवरून टपटपत होते. उन्हाळ्यात पाऊस पडत नाही तेव्हा ही झाडे बऱ्याच अंशी त्याच धुक्यावर तहान भागवतात. जंगलात एकटे असणे म्हणजे काय, हे मला ६३ व्या वर्षी कळले.

तुम्हांला हे जरा भावुक वाटेल, म्हणून त्यामागचा हिशेब सांगतो. कॉलेजात असताना मित्रांनी मला पाठीवर घेऊन कान्हेरीच्या पायऱ्या चढवल्या होत्या. त्या मैत्रीचे मोल मी जाणतो. पण पाठीवर बसलेल्या माणसाला ‘इथे थांबू या, मला ते झाड पाहायचे आहे’ असे म्हणण्याचा धीर होत नाही, कारण खाली दुसऱ्याचा घाम गळत असतो. माथेरानला मी दोनदा हातरिक्षातून गेलो आहे. मोटारींना बंदी असलेले, लाल मातीचे, दाट झाडीचे ते गाव मला अतिशय आवडते. परंतु दस्तुरी नाक्यापासून पुढे एक माणूस दुसऱ्या माणसाला ओढत नेतो आणि ओढला जाणारा मी असतो, या गोष्टीने ते सौंदर्य दोन्ही वेळा माझ्या घशाखाली नीट उतरले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणाव्यात, असा आदेश दिला, तो मला योग्यच वाटला. ई-रिक्षा मला पॉइंटच्या तोंडाशी नेऊन सोडू शकेल. तिथून पुढे कड्यापर्यंतच्या वाटेवर काय असेल, हा प्रश्न मात्र निराळाच आहे आणि तो वाहनाने सुटणारा नाही.

खरी अडचण आपल्या ‘सोय’ या शब्दात आहे. काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या एका निसर्गनिवासाला मी फोन केला होता. “व्हीलचेअर चालेल का?” असे विचारले, तेव्हा पलीकडून मोठ्या आपुलकीने उत्तर आले, “हो हो काका, सगळी सोय आहे, तुम्ही या तर खरे.” गेलो. खोलीपर्यंत अकरा पायऱ्या होत्या, जंगलातल्या ‘नेचर ट्रेल’वर सुरुवातीलाच दगडांची ओळ होती, आणि सोय म्हणजे चार धट्टीकट्टी मुले होती, जी मला खुर्चीसकट उचलायला हसत तयार होती. त्यांच्या मनात खोट नव्हती. मी दोन दिवस व्हरांड्यात बसून पक्ष्यांचे आवाज ऐकले आणि परत आलो.

अमेरिकेतल्या केंद्र सरकारी जमिनींवरील रानवाटांसाठी २०१३ मध्ये जी सुगम्यता मानके लागू झाली, ती वाचताना मला म्हणूनच सर्वांत अधिक आवडला तो फलकाविषयीचा नियम. नव्याने बांधलेल्या किंवा बदललेल्या वाटेच्या सुरुवातीला माहितीफलक लावला, तर त्यावर वाटेची लांबी, पृष्ठभाग कशाचा आहे, रुंदी सर्वसाधारणपणे किती आणि कमीत कमी किती, तसेच लांबीच्या दिशेचा चढ आणि आडवा उतार सर्वसाधारणपणे किती व जास्तीत जास्त किती, हे सगळे लिहिले पाहिजे. ‘अपंगांसाठी योग्य’ असा शिक्का मारून मोकळे होण्यापेक्षा ही आकडेवारी फार निराळी आहे. ती माझ्या वतीने निर्णय घेत नाही, मला निर्णय घेऊ देते. पहिल्या परिच्छेदात दिलेली माझी मोजमापे त्या फलकाशेजारी ठेवली, की माझे उत्तर मला मिळते, आणि तुमची ठेवली की तुमचे. मानकांतले आकडेही व्यवहाराला धरून आहेत. वाट किमान ३६ इंच रुंद हवी. ती ६० इंचांपेक्षा अरुंद असेल, तर दर हजार फुटांच्या आत दोन खुर्च्यांना एकमेकींना ओलांडता येईल अशी जागा हवी. वीस फुटांना एक फूट एवढा चढ कितीही लांब चालेल. बारा फुटांना एक फूट हा सलग २०० फुटांपर्यंत, दहाला एक ३० फुटांपर्यंत आणि आठाला एक हा फक्त १० फुटांपर्यंत, आणि मध्ये विसाव्याची सपाट जागा हवी. फळ्यांमधली फट अर्ध्या इंचाहून मोठी असता कामा नये. शिवाय जिथे डोंगराची घडण किंवा झाडेझुडे यांमुळे हे शक्यच नाही, तिथे तेवढ्या भागापुरती सूटही आहे. म्हणजे प्रत्येक डोंगर खोदून सपाट करा असे कुणी म्हटलेले नाही.

म्यूर वूड्समध्येही सगळे रान माझे नाही, हे स्पष्ट लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. तिसऱ्या पुलाच्या पलीकडे चौथ्या पुलाकडे जाणारी आणि डोंगराच्या अंगाने परतणारी हिलसाइड ट्रेल ही वाट अरुंद आहे, तिच्यावर पायऱ्या आहेत आणि ती व्हीलचेअरसाठी नाही. डोंगरमाथ्याकडे चढणाऱ्या बेन जॉन्सन, डिप्सी आणि कॅनोपी व्ह्यू या वाटाही पायांच्याच आहेत. माझ्या वाट्याला येतो तो घळीचा तळ, आणि वरून झाडांचा माथा कसा दिसतो हे मला फोटोंतूनच पाहावे लागेल. याचा मला राग आला नाही, कारण ते मला आधी ठाऊक होते. तिसऱ्या पुलावरून मी परत फिरलो तो माझ्या ठरावाप्रमाणे. कुठल्या तरी पायरीने मला परत पाठवले म्हणून नव्हे.

व्हीलचेअरपलीकडच्या गरजांविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही, तरी दोन-तीन निरीक्षणे नोंदवतो. दृष्टी नसलेल्या माणसाला या रानात हाताला आणि नाकाला पुष्कळ मिळेल: रेडवुडची साल दगडासारखी कठीण नसते, ती तंतूंची, खोल खाचांची आणि दाबली तर किंचित दबणारी असते, आणि कॅलिफोर्निया बे या झाडाचे पान चुरगाळले, की आपल्या तमालपत्राच्या दसपट उग्र वास नाकात शिरतो, फक्त ते पान खाली पडलेले असावे, झाडाचे तोडू नये. पाळीव कुत्र्यांना रानात बंदी आहे, पण अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्यांना नाही. गर्दी आणि गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सकाळी आठची वेळ घ्यावी. अकरानंतर सुट्टीच्या दिवशी वाट माणसांनी भरते, आणि व्हीलचेअरलाही मग फक्त लोकांच्या पाठी दिसतात. हवा बाराही महिने गार आणि दमट असते, पारा बहुधा ५ ते २१ अंशांत राहतो. शहरात ऊन आहे म्हणून नुसत्या सदऱ्यावर निघालेले आजोबा मी तिथे कुडकुडताना पाहिले आहेत.

आपल्याकडे हे होणार नाही, असे मात्र कृपा करून म्हणू नये. मुंबईत मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये महापालिकेने झाडीतून जाणारा उंचावरचा लाकडी मार्ग सुरू केला. तो ४८५ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद आहे. म्हणजे जमिनीला धक्का न लावता झाडांमधून वाट नेण्याचे तंत्र आणि पैसा आपल्याकडे आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले आहे. सह्याद्रीत चार महिने कोसळणारा पाऊस, शेवाळ आणि वाळवी यांपुढे लाकडी फळ्या टिकणार नाहीत हे खरे. तिथे खडबडीत केलेला जांभा किंवा घट्ट दाबलेला मुरूम यांचा विचार करावा लागेल, आणि तो स्थानिक गवंड्याला माझ्यापेक्षा अधिक कळतो. परंतु पहिल्या कामाला ना लाकूड लागते ना जांभा. आज आहेत त्याच वाटांच्या तोंडाशी एक पत्रा ठोकून त्यावर लांबी, रुंदी, चढ आणि पायऱ्यांची संख्या लिहिता येईल. ‘पुढे ११ पायऱ्या आहेत’ एवढे त्या निसर्गनिवासाने फोनवर सांगितले असते, तर मी गेलो नसतो आणि त्यांच्याविषयी माझे मतही वाईट झाले नसते.

पुन्हा जायचा विचार आहे, आणि तो हिवाळ्यात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, पहिले मोठे पाऊस पडून ओढा फुगला, की समुद्रात गेलेले कोहो सामन मासे अंडी घालायला उलटे पोहत रेडवुड क्रीकमध्ये येतात. त्यांची संख्या आता फार थोडी उरली आहे, तेव्हा दिसतीलच असे नाही. पण दिसले तर पुलाच्या कठड्याच्या गजांमधून, म्हणजे नेमके माझ्या उंचीवरून, दिसतील. पार्किंगचे आरक्षण ९० दिवस आधी उघडते. मुलीला सप्टेंबरमध्ये आठवण करायला सांगितले आहे, आणि या खेपेला कॅफेत बसण्यासाठी तिने जाड पुस्तक आणायचे कबूल केले आहे.